अंगणात गुलाबी बहर हवा असेल तर: मराठवाड्यात प्लमऐवजी कांचन

थंडी ओसरायला लागली की मोबाइलवर गुलाबी झाडांचे व्हिडिओ फिरू लागतात. जपानचा साकुरा म्हणजे चेरीचा बहर, चीनमधला प्लम. मग नर्सरीत विचारणा सुरू होते, आणि कुणीतरी ऑनलाइन बियांची पुडीही मागवतं. प्रश्न एकच असतो: असं झाड आमच्या अंगणात येईल का? खरं उत्तर असं की झाड एखादे वेळी जगेल, पण फुलणार नाही. तसाच गुलाबी बहर, तोही जवळपास त्याच महिन्यांत, आपल्या उन्हात आणि आपल्या पाण्यावर देणारं झाड मात्र आहे. ते म्हणजे कांचन. प्लमबद्दल थोडं सांगून बाकी सगळा लेख कांचनाच्या लागवडीवर आहे.

प्लम इथे का फुलत नाही

बागेत शोभेसाठी लावतात तो प्लम आलुबुखाराच्याच गोतातला. त्यातला जांभळ्या पानांचा प्रकार जगभर गाजला. इराणच्या शहाच्या पदरी असलेल्या पिसार नावाच्या फ्रेंच माळ्याने तो १८८० च्या सुमारास फ्रान्सला पाठवला आणि तिथून तो युरोपभर पसरला. ही सगळी झाडं थंड मुलखातली. हिवाळ्यात पानं गाळून ती झोपतात, आणि साधारण ७ अंशांच्या आसपास किंवा त्याखालच्या थंडीचे काहीशे तास पोटात गेल्याशिवाय त्यांचे कळे नीट जागे होत नाहीत.

परभणीचा पारा एखाद्या पहाटे पाच अंशांच्या खाली गेला की पेपरात बातमी येते. पण त्याच दिवशी दुपारी आपण सावली शोधत असतो. झाडाचा हिशोब पहाटेच्या दोन-तीन तासांवर चालत नाही. त्याला रोजचे बरेच तास, तेही आठवडेच्या आठवडे लागतात, आणि मधली गरम दुपार जमा झालेली थंडी खोडून टाकते. पंजाबच्या मैदानात ‘सतलज पर्पल’, ‘काला अमृतसरी’ यांसारखे कमी थंडीत येणारे प्लम लावतात. पण तिकडे जानेवारीत दिवसदिवस धुकं असतं, ऊन दिसत नाही. ते गणित इथे लागू पडत नाही.

‘मग सफरचंद कसं येतंय?’ असं हमखास विचारलं जातं. एचआरएमएन-९९ ही सफरचंदाची जात उष्ण भागात तगते हे खरं. तिच्यावरून प्लम, चेरी, साकुरा सगळंच येईल असं मात्र नाही. आणि साकुराच्या बियांच्या त्या पुड्या? चेरी-प्लमची बी रुजायला आधी दोन-तीन महिने ओल्या थंडीत ठेवावी लागते. पुडीत खरंच साकुराची बी असली तरी कुंडीत टोचून आठवड्यात कोंब येणार नाही. पैसे वाचवा.

दुसरे उमेदवार

फोटोतल्या प्लमच्या सगळ्यांत जवळ जातं ते गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिनपानांच्या फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी भरतात, आणि आपल्याकडची ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून फिरणारी बरीच छायाचित्रं हिचीच असतात. पावसाच्या तोंडावर हातभर लांबीची जाड काडी खोचली तरी येते, आणि पाला हिरवळीच्या खताला उत्तम. शेताच्या बांधाला जरूर लावा. छोट्या अंगणात नको, कारण ती ऐसपैस आणि वेडीवाकडी वाढते.

गुलाबी टॅबेबुया देखणा आहे, पण फांद्या ठिसूळ; वळवाच्या वाऱ्यात मोडतो. ताम्हण आपलं राज्यफूल, रंगही सुंदर, मात्र त्याला पाणी जास्त लागतं. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात अंगणातलं झाड निवडताना पाण्याचा विचार आधी. बहावा पाण्याला काटक आणि मला फार आवडतो, पण तो पिवळा, आणि आपला विषय गुलाबीचा. प्लमची जांभळी पानंच ज्यांना हवी आहेत त्यांनी कुंपणाला लाल अकॅलिफा लावावा, काम होईल.

कोणता कांचन?

बहुतेक लोक इथेच फसतात. नर्सरीत ‘कांचन’ या नावाखाली चार-पाच वेगळी झाडं विकली जातात. रक्तकांचन, देवकांचन ही नावं तर माणसागणिक बदलतात. म्हणून नाव विचारूच नका, ‘फुलतो कधी?’ ते विचारा.

पहिला वसंतात फुलणारा. डिसेंबर-जानेवारीत पानं गाळतो आणि फेब्रुवारी ते एप्रिल उघड्या फांद्यांवर फुलतो. पाकळ्या रुंद, एकमेकींवर थोड्या चढलेल्या; रंग गुलाबी-जांभळा, एका पाकळीवर गडद रेघांचा ठिपका. पाच पुंकेसर लांब, बाहेर डोकावणारे. याचाच एक शुभ्र प्रकारही असतो. प्लमची हौस ज्याला भागवायची आहे त्याने हाच घ्यावा. वनस्पतिशास्त्रात बौहिनिया व्हेरिगाटा.

दुसरा शरदात फुलणारा, बौहिनिया पर्प्युरिया. दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होतो, पानं झाडावर असतानाच फुलतो. पाकळ्या अरुंद आणि सुट्या, लांब पुंकेसर तीन. पानाची चीर जवळजवळ निम्म्यापर्यंत जाते. पहिल्यात ती पाव किंवा एक-तृतीयांश भागापर्यंतच असते. फूल छान, पण पानांत झाकलं जातं.

तिसरा हाँगकाँगचा संकर, ब्लेकियाना. हाँगकाँगच्या झेंड्यावरचं पाच पाकळ्यांचं फूल याचंच. मोठी, गडद किरमिजी-जांभळी फुलं थंडीभर येत राहतात, आणि बीच धरत नसल्यामुळे शेंगांचा कचरा नाही. रोप कलमाचंच मिळतं, म्हणून महाग. घेतलंत तर एक लक्षात ठेवा: कलमाच्या जोडाखालून फुटवा आला की लगेच काढायचा. नाहीतर दोन वर्षांत खालचा खुंटच झाड होऊन बसतो आणि वरचं कलम मरतं.

जागाच नसेल, गच्ची किंवा ओटाच असेल, तर पांढरा कांचन. झुडूपवजा, पुरुषभर किंवा थोडा उंच वाढतो, मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षं राहतो. तो गुलाबी नाही, पण फुलायला उदार आहे.

आपटा याच कुळातला, पण त्याची फुलं बारीक आणि फिकी. शोभेसाठी आपटा लावू नका. सोन्यासाठी लावायचा तर जरूर लावा.

पुढची सगळी माहिती पहिल्या, वसंतात फुलणाऱ्या कांचनाला धरून आहे. दुसऱ्याला आणि तिसऱ्यालाही ती बहुतेक चालते; बहराचा काळ वेगळा असल्यामुळे पाण्याच्या ताणाचा आणि छाटणीचा महिना तेवढा बदलतो.

जागा

झाड २० ते ३० फूट उंच होतं आणि १५ फुटांचा तरी घेर धरतं. घराच्या भिंतीपासून १०-१२ फूट, कंपाउंडपासून ५-६ फूट सोडा. काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांना हे अंतर जास्त महत्त्वाचं. काळी माती ओलीत फुगते आणि सुकली की आक्रसते, आणि पायाशेजारी झाड असेल तर ती ओढाताण वाढते. शोषखड्डा, बोअर आणि नळाची लाइन यांच्यापासूनही लांब. वर महावितरणच्या तारा आहेत का ते आधी बघा. लावताना तीन-चार फुटांचं रोप तारेखाली अगदी निरुपद्रवी दिसतं.

ऊन दिवसाचे किमान सहा तास हवं. आडोशाला पानं येतात, फुलं येत नाहीत.

घराच्या पश्चिमेला लावला तर एक फायदा होतो. फुलं संपत आली की एप्रिलमध्ये नवी पालवी येते, आणि मेच्या दुपारी भिंतीवर सावली असते. मार्चमध्ये मात्र सावलीची अपेक्षा ठेवू नका, तेव्हा तो उघडाच असतो. बारमाही सावली हवी तर कडुनिंब आहेच.

खड्डा: सगळं यश इथेच

एप्रिलअखेर किंवा मेमध्ये खड्डा घ्या आणि दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. किडींची अंडी, बुरशी, हरळीच्या काशा बऱ्याच मरतात. खड्डा केवढा हे मात्र तुमच्या जमिनीवर ठरेल, आणि मराठवाड्यात एका तालुक्यातही जमीन सारखी नसते.

बालाघाटच्या पठारावर, बीड-धाराशिवच्या बऱ्याच भागांत, वीतभर मातीखाली मुरूम लागतो. तिथे खड्डा मोठा, ३ फूट लांब, रुंद, खोल. मुरमात मुळांना शिरायला जागा नसते, ती तुम्ही करून द्यायची. निघालेल्या मुरमापैकी निम्मा बाजूला टाका आणि त्याऐवजी शेतातली चांगली माती आणा. पाणी निचरून जाण्याची अडचण नाही, उलट ते टिकत नाही ही अडचण. म्हणून शेणखताचा हात इथे सैल सोडायचा, तीन-चार घमेली.

गोदावरीच्या खोऱ्यात, परभणी-नांदेडकडे, खोल काळी माती. तिथे २ फुटांचा खड्डा पुरे, आणि सगळ्यांत मोठी चूक म्हणजे तो खड्डा भुसभुशीत, कसदार मिश्रणाने भरून टाकणं. ऐकायला विचित्र वाटेल. पण चारी बाजूंना चिकण काळी माती आणि मधे मऊ भरणा असेल तर पावसाचं सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. श्रावणात रोप पिवळं पडतं, माणूस समजतो पाणी कमी पडलं, आणखी दोन तांबे ओततो, आणि मुळं कुजून जातात.

त्यापेक्षा आधी निचरा तपासा. फूटभर खोल छोटा खड्डा घेऊन त्यात एक बादली पाणी ओता. ते जिरलं की दुसरी. दुसरी बादली काही तासांत जिरली तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसत असेल तर रोप जमिनीच्या पातळीवर लावायचंच नाही. खड्डा निघालेल्याच मातीने भरायचा, तिच्यात चौथा हिस्सा मुरूम किंवा जाड वाळू आणि दोन घमेली शेणखत मिसळायचं, आणि वर ८-९ इंच उंच, तीन-चार फूट रुंद उंचवटा करून त्यावर रोप लावायचं. कपाशीच्या रानात पाणी साचून पराटी कशी माना टाकते हे ज्याने पाहिलंय त्याला उंचवट्याचं महत्त्व पटवावं लागत नाही.

तिसरी जमीन नव्या प्लॉटिंगची. वर दिसते माती, खाली असतो बांधकामाचा राडारोडा: सिमेंट, विटांचे तुकडे, चुना, टाइल्स. तो सगळा उपसून फेका. तसाच ठेवला तर पुढे दोन वर्षांनी पानं पिवळी पडतात आणि कारण सापडत नाही.

कुठल्याही जमिनीत भरताना अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड आणि पाव किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलं, काळं, वास न येणारं हवं. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि मुरमाड जमिनीत वाळवीही. खड्डा पाऊस पडण्यापूर्वी भरून ठेवा, म्हणजे पहिल्या पावसाने माती बसते. रोप लावल्यावर माती खचली तर बुंध्याशी खळगा होतो.

रोप

पेन्सिलीएवढ्या जाडीचं, तीन-चार फूट उंच, सरळ एका खोडाचं रोप घ्या. सहा फुटी, फुलं लागलेलं झाड डोळ्यांना मोहवतं, पण लहान रोप त्याला तीन वर्षांत गाठतं आणि तगण्याचा भरवसाही त्याचाच जास्त.

पिशवी उचलून तळ बघा. जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसली असतील तर रोप पिशवीत फार काळ राहिलंय. आणखी एक गोष्ट: आपल्याकडच्या नर्सऱ्यांत आंध्रातल्या कडियमहून आलेली पुष्कळ रोपं असतात, तांबड्या चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात. तो गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर दोन माती एकजीव होत नाहीत. बाहेर ओल असते, गोळा आतून कोरडा ठणठणीत, किंवा उलट. लावण्याआधी गोळा बादलीभर पाण्यात भिजवा आणि बाहेरचा इंचभर थर बोटांनी अलगद सुटा करा. पांढरी मुळं तुटणार नाहीत एवढं जपा.

लावणी

मृगाचा पहिला शिडकावा झाला की हात शिवशिवतात. थांबा. मृग पुष्कळदा हुलकावणी देतो आणि मागून परत चाळिशीचं ऊन पडतं. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पावसाची वाट बघायला सांगतात, तोच नियम इथेही बरा. आर्द्रा ते पुनर्वसू, म्हणजे जूनचा शेवट ते जुलैचा मध्य, हा चांगला काळ. दिवस ढगाळ, वेळ संध्याकाळची.

१. भरलेल्या खड्ड्याच्या मधोमध पिशवीच्या आकाराएवढीच जागा उकरा.

२. पिशवी ब्लेडने उभी कापून काढा. मुळांचं वेटोळं झालं असेल तर गोळ्यावर तीन बाजूंनी वरून खाली अर्धा इंच खोल चिरा द्या. वेटोळं तसंच राहिलं तर काही वर्षांनी तीच मुळं बुंध्याला फास लावतात आणि झाड वाऱ्यात उन्मळतं.

३. रोप असं ठेवा की पिशवीत मातीची जी पातळी होती तीच बाहेर राहील. कलम असेल तर जोड जमिनीपासून निदान चार बोटं वर. ‘खोल लावलं की घट्ट बसतं’ हा समज सोडा. खोड मातीत गाडलं की सालीला कुज लागते.

४. माती लोटून हाताने दाबा, पायाने तुडवू नका. ओली काळी माती तुडवली की ती विटेसारखी घट्ट होते.

५. बांबूची काठी गोळ्याच्या बाहेर रोवा आणि जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या पट्टीने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास देऊन बांधा. सुतळीने किंवा तारेने साल कापते. दीड वर्षाने काठी काढायची.

६. भरपूर पाऊस चालू असला तरी एक बादली पाणी द्याच. हे पाणी तहानेसाठी नाही, मुळांभोवतीच्या पोकळ्या बुजवण्यासाठी आहे.

शेळ्यांचा बंदोबस्त त्याच दिवशी. कांचनाचा पाला त्यांना फार प्रिय, आणि शेंडा एकदा खाल्ला की झाडाचं एका खोडाऐवजी झुडूप होतं. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण जाळीपेक्षा स्वस्त आणि जास्त खात्रीचं.

पाणी

पावसाळ्यात पाण्याची गरज नसते असं समजू नका. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा पंधरा-वीस दिवसांचा खंड पडणं आपल्याकडे नवं नाही, आणि नव्या रोपाला तोच घातक. खंड आठवड्याच्या पुढे गेला की पाणी सुरू करा.

पहिल्या वर्षी थंडीत ८-१० दिवसांनी एक बादली पुरते. मार्चपासून ३-४ दिवसांनी १०-१२ लिटर. काळ्या मातीत हे दिवस वाढवता येतात, मुरमात नाही. दिवस मोजण्यापेक्षा खुरप्याने चार बोटं उकरून बघावं. ओल लागली तर पाणी पुढे ढकला. आळं बुंध्याला चिकटून नको. बुंध्याशी माती थोडी उंच आणि पाणी दीड फुटावरच्या गोल चरात, असं करा.

नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावांत मडकं पुरणं हा सगळ्यांत चांगला उपाय. पाच-सात लिटरचं, न रंगवलेलं, कच्च्या भाजणीचं मडकं बुंध्यापासून दीड फुटावर गळ्यापर्यंत पुरा आणि तोंडावर झाकण ठेवा, डासही होत नाहीत. पाणी पाझरत मुळांशी जातं, वाफ होऊन उडत नाही. बोअरचं पाणी क्षारी असेल तर वर्षभरात मडक्याची छिद्रं बुजतात. काढून घासा, नाहीतर नवं पुरा.

घरातलं वापरलेलं पाणी देताना निवड करा. भाज्या-तांदूळ धुतलेलं उत्तम. एसीचं पाणी तर फारच चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी रोज एकाच झाडाला घालू नका, त्यात मूळच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कुलरच्या तळाशी उरलेल्या पाण्याचंही तेच, आणि ते सर्रास झाडाला ओतलं जातं. वॉशिंग मशीनचं साबणपाणी नकोच.

आच्छादनासाठी बाजारातून काही आणायला नको. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, तुरीचा पाला, जे जवळ असेल ते चार बोटं जाडीचं पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून. काळ्या जमिनीत याचं खरं काम भेगा रोखणं. एप्रिलमध्ये भेग पडली की ती वाटेत येणारी बारीक मुळं तोडत जाते आणि ओलही उडवते. भेगा दिसल्याच तर वरची माती खुरप्याने मोकळी करून बुजवा, शेतात कोळपणी करतो तशी.

पहिला उन्हाळा

मार्च ते मृग एवढे महिने काढले की झाड आपलं. पारा ४२-४३ ला जातो तेव्हा कोवळ्या खोडाची नैर्ऋत्येकडची साल भाजते, तडकते, आणि तिथून कीड शिरते. दोन उपाय. पश्चिम-दक्षिणेला तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा ताटवा उभा करा, नाहीतर ५० टक्क्यांची शेडनेट, वरून नव्हे, बाजूने. दुसरा, खोडाला बोर्डो पेस्ट. मोसंबीवाले लावतात तीच: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवून एकत्र करायचा, सगळं मिळून एक लिटर पाणी. प्लास्टिकच्याच भांड्यात, लोखंडी बादलीत करू नका. खालून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावा.

वळवाच्या वाऱ्याआधी, मार्चअखेरीस, काठीचे फास तपासा.

पिवळी पानं

आपल्या चुनखडीच्या जमिनीत कांचनाला हमखास होणारा त्रास हा. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. हा रोग नाही, लोहाची कमतरता आहे. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून नुसतं हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) मातीत टाकलं तर तेही अडकून पडतं. हिराकस द्यायचंच तर ते मुरलेल्या शेणखतात मिसळून द्या. लवकर गुण हवा असेल तर ५ ग्रॅम हिराकस एक लिटर पाण्यात विरघळवून त्यात अर्धं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत. फरशीवर उडालं तर डाग जात नाहीत, घरच्यांची बोलणी खावी लागतील. चिलेटेड आयर्न (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह) घेताना डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं बघा. चुनखडीच्या जमिनीत तेच टिकतं, इतर प्रकार लवकर निष्प्रभ होतात.

जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळत असतील आणि महिना डिसेंबर असेल तर काहीही करू नका. तो पानगळीचा काळ आहे. पावसाळ्यात सगळंच झाड पिवळं पडलं तर मात्र मुळांशी पाणी साचलंय. चर काढून ते बाहेर काढा.

मावा आणि पिठ्या ढेकूण कोवळ्या शेंड्यावर येतात. पाण्याचा जोरदार फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. घरच्या एका झाडाला याहून जहाल औषधाची गरज क्वचितच पडते.

बहर येण्यासाठी ताण

बियांपासूनचं झाड साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलतं, कलम त्याच्या आधी. पण ‘झाड हिरवंगार, फुलं नाहीत’ ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि तिचं कारण बहुधा लाड असतात. जालन्याकडचा मोसंबीवाला आंबे बहारासाठी (मोसंबीच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहरासाठी) डिसेंबरात पाणी तोडतो. कांचनालाही तेच हवं. झाड दोन वर्षांचं झालं की नोव्हेंबरअखेर पाणी कमी करा, डिसेंबर-जानेवारीत काळ्या जमिनीत जवळजवळ बंद, मुरमात पंधरा-वीस दिवसांनी एकदा. पानं गळू द्या. फांद्यांवर कळ्या टपोऱ्या दिसू लागल्या की एक भरपूर पाणी, आणि मग दहा दिवसांनी एकेक. लॉनमध्ये लावलेला कांचन याच कारणाने कमी फुलतो. लॉनला रोज पाणी, मग त्याला ताण कसला?

खतातही तसंच. दर जूनला दोन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. युरियाच्या मुठी मारू नका, पाला वाढेल.

छाटणीचा नियम सोपा आहे: फुलं संपल्यावर, पुढच्या पावसाळी फुटीच्या आत. वसंतातला कांचन पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर पुढच्या वर्षी फुलतो. दिवाळीत छाटलात तर तुम्ही फुलंच कापली. एप्रिलमध्ये वाळक्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. मोठा हात मारायचा तर पहिल्या पावसापर्यंत थांबा, म्हणजे उघडं पडलेलं खोड मेच्या उन्हात भाजणार नाही. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. सुरुवातीची तीन वर्षं सहा फुटांपर्यंत एकच खोड ठेवा आणि खालचे फुटवे काढत राहा. शरदात फुलणाऱ्याची छाटणी बहर ओसरल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत.

दसरा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात लक्ष ठेवा. आपट्याऐवजी कांचनाच्या फांद्या ओरबाडून नेणं सगळीकडे चालतं, बाजारात तर ‘सोनं’ म्हणून कांचनच जास्त विकला जातो. शरदात फुलणाऱ्या झाडावर नेमक्या तेव्हाच कळ्या आलेल्या असतात, म्हणजे सोन्याबरोबर बहरही गेला. शेजाऱ्यांना नाही म्हणणं जिवावर येतं. अशा वेळी स्वतःच कात्रीने आतल्या, नको असलेल्या फांद्यांची पानं काढून परडीत भरून ओट्यावर ठेवावीत. लोक तिथूनच नेतात.

शेंगा आणि बी

मे-जूनमध्ये चपट्या, वीतभर शेंगा वाळून तट्कन फुटतात आणि बिया लांब उडतात. रोपं करायची तर शेंगा तपकिरी झाल्यावर, फुटण्याआधीच तोडा. नको असतील तर हिरव्या असतानाच काढून टाका, झाडाची ताकद वाचते. बी रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत अर्धा इंच खोल लावा, एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतो. बियांपासूनच्या रोपांची फुलं आईच्याच रंगाची येतील असं नाही, फिकी-गडद होतात, म्हणून तीन-चार रोपं करून वाटावीत. बी त्याच पावसाळ्यात वापरा. वर्ष उलटल्यावर उगवण झपाट्याने घटते.